पाच भोकांची ताटली

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुनं पिस्तूल आहे खरं, पण माझ्या पायात साखळी आहे आणि तिचं दुसरं टोक टेबलाला पक्कं बांधलेलं आहे. अबुधाबीबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात मी लोकांना नेम शिकवतो. या देशात मला कमरेला लावून कुणी बाजारात हिंडत नाही, आणि खरं सांगतो, मला त्याची खंतही नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या ठोकळ्यातून मला घडवलं, तेल पाजलं आणि अंगावर '९ एमएम' असं कोरलं. ते माझं कॅलिबर, म्हणजे माझ्या गोळीची जाडी. नवा होतो तेव्हा माझ्यासाठी लोक थांबून राहायचे. मग शेजारच्या खणात पंचेचाळीस कॅलिबरचा थोरला आला. जाड गोळी, मोठा धडाका! दुबई मरीनाहून येणारी मंडळी त्याच्याबरोबरच फोटो काढू लागली. मी मागे पडलो. आमचे उस्ताद मुरलीधरकाका मात्र मला विसरले नाहीत. फौजेतून निवृत्त झालेला हा कराडकडचा माणूस रोज माझ्या नळीतून ब्रश फिरवायचा.

एका शनिवारी सकाळी अबुधाबीच्याच मोहम्मद बिन झायद सिटी या उपनगरातून तिघं आली. विनिता, तिचा थोरला भाऊ सुजीत आणि आई मंजुषाताई. विनिता इथेच वाढलेली, नर्स झालेली. अमेरिकेतल्या एका लहान गावच्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती, ग्रीन कार्डही मिळालं होतं. राहायचं मात्र एकटीने. तिथे रीतसर परवाना काढून पिस्तूल जवळ बाळगता येतं. आईची अट एकच होती, "स्वतःला सांभाळशील हे मला डोळ्यांनी दिसू दे. मगच तिकीट काढ."

"काका, पंचेचाळीसच द्या," सुजीत म्हणाला. "एक गोळी की खलास!"

"लागली तर खलास," काका म्हणाले. "नाही लागली तर?"

काकांनी गणपतीच्या प्रसादाची उरलेली एक कागदी ताटली सात पावलांवर टांगली. "पाच सेकंदांत पाच गोळ्या. पाचही ताटलीत. यल्ला, चल, विनिताबाळ!"

विनिताच्या हातून पंचेचाळीसचा पहिला बार ताटलीत गेला. दुसऱ्याला तिने डोळे मिटले. उरलेले कुठे गेले ते देव जाणे. "ओ माय गॉड, माझं मनगट!" ती म्हणाली. काचेआड मंजुषाताईंची जपमाळ थांबली. दार ढकलून त्या आत आल्या. "विनू, नको गं बाई ती नोकरी. इथेच बरी आहेस."

विनिताचा चेहरा उतरला. दोन वर्षं अभ्यास करून मिळवलेली नोकरी होती ती.

तरी तिने ताटली बदलून आमच्यातली सर्वांत छोटी, पॉइंट तीनशेऐंशी कॅलिबरची चिमुकली उचलली. "ही क्यूट आहे, पर्समध्ये मावेल." मावली असती हो, पण ती इतकी हलकी की हातात टिकेना. प्रत्येक बाराला उसळे. दोनच लागल्या.

"चिमुकलीचा हिसका मोठा," काका म्हणाले. "हिला हात सरावायला फार दिवस लागतात." आणि त्यांनी मला पुढे केलं.

मित्रांनो, तिच्या तळव्याला घाम आला होता. मी जमेल तेवढा स्थिर राहिलो. पहिल्या खेपेला चार लागल्या. काकांनी नवी ताटली लावली. विनिताने श्वास सोडला. एक, दोन, तीन, चार... पाच!

"पण काका, याची पॉवर कमी ना?" सुजीतचं घोडं अजून अडलेलंच.

"अरे हबीबी, चांगली गोळी घेतली तर हाही पुरेसा आहे. पण हातात राहिला पाहिजे, आणि दर आठवड्याला सराव झाला पाहिजे. भीती वाटली की माणूस पिस्तूल कपाटात टाकतो. मग मोठं काय नि छोटं काय!"

मंजुषाताई हळूच म्हणाल्या, "सोळा सोमवार धरून तिसऱ्यालाच मोडायचे, त्यापेक्षा रोजची एक माळ बरी."

"बघा!" काका हसले. "मी दहा वर्षं हेच शिकवतोय, ताईंनी एका ओळीत सांगितलं."

मंजुषाताईंनी पाच भोकांची ती ताटली मागून घेतली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "विनू, काढ तिकीट."

आता सुजीत कधी एकटा येतो नि काकांना खबर देतो. तिकडे अमेरिकेत विनिताने माझ्याच जातीचं पिस्तूल घेतलं आहे. दर आठवड्याला सराव करते, नीट पुसून कुलपात ठेवते. बाहेर काढायची वेळ एकदाही आली नाही. मंजुषाताई त्याला देवाची कृपा म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. माझ्यासारखं कुणी कुठे उघड्यावर दिसलं तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि पुढे आयुष्यात काही निवडाल, तेव्हा निभेल तेच निवडा, मग ते जिवापाड जपा.

सुजीत सांगतो, ती ताटली मंजुषाताईंनी देवघरात दिव्यापुढे उभी केली आहे. सांजवात लावली की समोरच्या भिंतीवर पाच ठिपके उजळतात. त्यांना हात जोडून झाले, की त्या लेकीला फोन लावतात.