वावळाखालची विहीर

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मेहकरात दोनच गोष्टी हिरव्या होत्या. एक वस्तीमागचा वावळ अन् दुसरं श्रीपतरावाच्या विहिरीतलं शेवाळ.

वावळ म्हंजे लई मोठं झाड. चौघांनी हात धरले तरी बुंधा कवेत येईना. थंडीत पानं गाळून नागडं उभं ऱ्हायचं, मग पापडीवाणी चपट्या बियांचे घोस लागायचे. बिया पोरं खायची. पाला मात्र चोळला की असला वास! मी एकदा भीमराजाच्या पटक्यात कोंबला, तर त्याची बायको चांगुणाबाई त्याला घरात घेईना.

"बाबूलाल, तुला खाज सुटलीय व्हय रं?" म्हणत त्यो माझ्या मागं पळला.

आम्ही बौद्ध झालो, पण पाणी गावातल्या श्रीपतरावाच्याच विहिरीचं. आमच्या बायांनी लांब उभं ऱ्हायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरून घागरीत ओतायचं. भीमराजाला ते सोसंना.

"धर्म सोडला, अन् घागर तिथंच पसरायची? आपली विहीर खांदू."

"कुठं?"

"वावळाखाली. थेंब पडला न्हाई तरी कसा फुटलाय बघ. बुडाला पाणी असल्याबिगर व्हय?"

सगळ्यांना पटलं. मलाबी.

भीमराज खाली खांदायचा. मी अन् वस्तीतला पिराजी दोरीनं मुरमाच्या टोपल्या वर वढायचो. मुळं मांडीएवढी, पण खाली जाईनात, मुरमात आडवीच पळायली होती. भीमराज कुऱ्हाडीनं तोडत गेला.

"अण्णा, पाणी लागलं का?" मी वरून वरडायचो.

"लागलं की! घामाचं!"

"मग चूळ भर."

"तू ये खाली, तुला आंघूळच घालतो."

एकदा श्रीपतराव बघायला आले. "काय रं, गंगा आली का?"

"निघालीय मालक. वाट इचारायलीय," मी म्हणलो.

वैशाखात एका दुपारी वारं सुटलं. झाड बुडातून करकरलं.

"अण्णा, वर ये!" मी वरडलो.

"एवढं एक मूळ तोडतो अन् आलो."

ज्या अंगाची मुळं तोडली, त्याच अंगाला, भीमराजाच्या खड्ड्यावरच वावळ आला.

दिवस कलला तवा फांद्या तोडून त्याला भाईर काढलं. डोक्यापासून पायापर्यंत लाल मुरूम. खड्डा बुडापर्यंत कोरडा. तवा कळलं, हे झाड मुरमातल्या ओलीवर जगतंय, पानं गाळून तहान मारतंय. विहिरीच्या पाण्याची खूण न्हवतीच ती.

मढ्याच्या आंघुळीला पाणी न्हवतं. चांगुणाबाई घागर घेऊन उठली. मी तिच्या मागं. ती लांब उभी ऱ्हायली न्हाई. नीट काठावर गेली, तिथला पोहरा सोडला, स्वतः वढला, घागर भरली. पाणी भरणाऱ्या बाया पदर सावरत मागं सरकल्या.

श्रीपतराव जवळच उभे होते. "भर बाई. तुझा माणूस गेलाय. आजचा दिस भर."

"अन् उद्या?"

श्रीपतराव विहिरीत बघाय लागले.

चांगुणाबाईनं भरली घागर तिथंच विहिरीत उपडी केली, रिकामी कमरेवर घेतली अन् वस्तीकडं निघाली.

"वैनी," मी म्हणलो, "मग भीमराजाला...?"

"तसाच जाऊ द्या, भावजी. आपल्या विहिरीचा मुरूम हाय त्यो."

आम्ही त्याला तसाच लाल नेला.