सासऱ्यांनी तपासलेली सून

नात्यातल्या माणसाला फुकट तपासण्यात डॉक्टर मोरोपंतांचा तोटा काहीच नव्हता. उलट 'आमच्या कुळाला बाहेरचा डॉक्टर लागत नाही' हे सगळ्या धार शहरात मिरवता येई. मित्रांनो, मी त्यांचा जुना स्टेथोस्कोप. इंदूरच्या दुकानातून आलो तेव्हा माझी नळी चकचकीत होती आणि रोगी मला हात जोडत.

त्यांची चुलतसून दुर्गा देवासला राही. नवरा रत्नाकर कारखान्यात, ती बालमंदिरात शिकवी. बसली, उभी राहिली की तिला दम लागे, घेरी येई. आडवी झाली की बरं वाटे. सासूबाई, म्हणजे अक्का, म्हणत, "काम दिसलं की चक्कर, अंथरूण दिसलं की आराम. असली बीमारी मला का नाही झाली?"

अक्काच तिला धारला आणत. पण अक्कांच्या रीतीत सासऱ्यांसमोर सून आडवी होत नाही. दुर्गा खुर्चीत ताठ बसे, मोरोपंत तोंड फिरवून मला तिच्या पदरावर टेकवत. आत गुरगुर ऐकू येई. झडप खराब, असं त्यांनी ठरवलं आणि वर्षानुवर्षं इंजेक्शनं चालली.

१९८३च्या उन्हाळ्यात त्यांची लेक सरला मुंबईहून डॉक्टर होऊन आली. तिने वडिलांना बाहेर बसवलं आणि दुर्गाला निजवलं. गुरगुर गायब. उठवली की पुन्हा हजर.

"बाबा, हिला कधी झोपवून ऐकलंत?"

"सून आहे ती आपली."

"पेशंट आहे ती, बाबा."

सरला म्हणाली, हृदयाच्या कप्प्यात देठाला लोंबणारी गाठ असावी. बसल्यावर झडपेच्या तोंडाशी येऊन अडते. कर्करोग नाही, काढली की माणूस बरा. पण तुकडा सुटला तर मेंदूत जाईल. मोरोपंतांना लेकीच्या कानापेक्षा आपला अनुभव मोठा वाटला. इंजेक्शनं पुरी होऊ द्या, म्हणाले. अक्कांनाही तेच पटलं.

पावसाळ्यात तुकडा सुटला. मग मात्र मुंबई गाठली. तिथल्या यंत्राच्या पडद्यावर गाठ डोलताना दिसली. ती काढली, जीव वाचला.

आता माझी नळी तडकली आहे. मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. माझ्यासारखा दुसरा मिळेल. पण आजारी बाईला आधी रोगी माना, मग सून. तिला आळशी म्हणण्याआधी तिचं ऐका.

मोरोपंतांचा दवाखाना चालूच आहे. अक्कांची रीतही मोडली नाही. त्या तुकड्याने दुर्गाचा उजवा हात गेला, वाचा गेली. बालमंदिरातली पोरं भेटायला येतात, आपापली नावं सांगतात. तिला सगळी ओळखू येतात; एकाचंही नाव घेता येत नाही.