काचेचा लेप

मी होडी बोलतेय. दचकू नका. इतकी वर्षं माणसं माझ्या पोटात बसून आपल्या सासवांबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि भावाभावांतल्या भांडणांबद्दल बोलत आली आणि मी निमूट ऐकत आले. आता कुणी पोटात बसत नाही, तेव्हा थोडं माझंही ऐका.

नदीकाठच्या दुरुस्तीच्या आवारात, दोन लाकडी ओंडक्यांवर मी उपडी पडले आहे. अंग मात्र अजून लखलखतंय. परवा एक जण वाट वाकडी करून आला आणि म्हणाला, "एवढी नवी होडी इथं कशाला टाकलीय?" मला आधी हसू आलं, मग रडू आलं. पण माझं रडू कुणाला दिसायचं? माझ्या अंगावर पाण्याचा थेंब थांबतच नाही.

माझा जन्म साच्यातला. काचेच्या तंतूंची चादर, तिच्यावर चिकट रेझिन, पुन्हा चादर, असे थरावर थर देऊन मला घडवलं. इंजिन जिथे अडकवतात त्या मागच्या फळीत मात्र मजबुतीसाठी लाकूड घातलं आणि वरून फायबरने मढवून टाकलं. म्हणजे अंगाने मी फायबरची असले तरी माझा कणा लाकडाचा. हे लक्षात असू द्या, पुढचं दुखणं तिथूनच सुरू झालं.

मला एका नावाड्याने घेतलं. या काठावरची माणसं त्या काठाला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, हा त्याचा धंदा. पूल लांब होता, म्हणून आमचं बरं चाललं होतं. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची. मीही मनातल्या मनात तेच म्हणत आले.

बाबा अबोल नव्हता, पण माणसांशी बोलायचा त्याला कंटाळा. माझ्याशी मात्र तोंडाचा पट्टा चालायचा. सुट्टीच्या दिवशी मला उतरणीवर ओढून घ्यायचा आणि बादली, साबण, स्पंज घेऊन बसायचा. नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, डाव्या बाजूपासून सुरुवात आणि इंजिनाच्या फळीपाशी शेवट, हा क्रम कधी चुकला नाही. स्पंज फिरवून झाला की तो बादलीत टाकायचा आणि मग नुसता तळवा साऱ्या अंगावरून फिरवायचा. "स्पंज धुतो, हात बघतो," असं म्हणायचा. कुठे टवका उडाला असेल, केसाएवढी चीर गेली असेल, तर हात तिथे थांबायचा. "काय गं, कुठं धडपडलीस?" असं विचारून त्याच दिवशी ती जागा बुजवून टाकायचा. आजारी लेकराचं कपाळ बघावं तसा तो हात असे.

मग त्याची नजर जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही, उरलेली सांभाळा. उरलेलीही राहिली नाही. इंजिन मुलीच्या हाती आलं. ती लहानपणापासून माझ्यातच वाढलेली, तिने काम झकास उचललं. बाबाकडे एकच काम उरलं, मला धुण्याचं. त्या कामाला डोळे लागत नव्हते. भिंतीला हात लावत लावत तो गल्ली उतरून यायचा आणि माझ्या नाकाला हात लागला की मान ताठ करायचा. घरात त्याला पाण्याचा पेलासुद्धा कुणी उचलू देत नसे. माझ्यापाशी तो अजून नावाडी होता.

पण माझं वय झालं होतं. उन्हाने रंग विटला, अंगावर हात फिरवला की खडूसारखी भुकटी निघायची. ती घासून घासून बाबाच्या बोटांना भेगा पडल्या. साबणाने त्या चरचरायच्या, पण तो हूं की चूं करत नसे. एकदा मुलीने स्पंज पिळला तर पाणी गुलाबी निघालं. ती तिथेच उतरणीवर बसली.

"बाबा, हे किती दिवस चाललंय?"

"बोटं आहेत, फाटणारच. तू इंजिनाचं बघ."

पुढच्याच आठवड्यात तिने मला एका शेडमध्ये नेलं. तिथला लेपवाला आधी फिरत्या यंत्राने माझी सगळी भुकटी काढत बसला. मग इवल्या बाटलीतून मऊ कापडावर थेंब घ्यायचा, हातभर जागेत लावायचा, जरा थांबायचा आणि दुसऱ्या कापडाने पुसायचा. सिरॅमिकचा लेप म्हणतात त्याला. वाळला की अंगावर काचेसारखा पापुद्रा चढतो.

माणूस सरळ होता. त्याने हातचं राखून काही सांगितलं नाही. "उन्हाने रंग जाणार नाही, मळ धरणार नाही, धुवायचं काम निम्म्यावर येईल. पण हे चिलखत नाही हं. पाण्याखालच्या भागाला याचा उपयोग नाही, शेवाळ याला भीक घालत नाही. धक्का बसला तर चीर जायची ती जाणारच. तेव्हा बघत जा अधूनमधून."

"घासायला तर नाही ना लागणार?" मुलीने विचारलं.

"नाही. नुसतं पाणी मारलं तरी पुरे."

तिला तेवढंच ऐकायचं होतं, तेवढंच तिने घरी नेलं. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता. उतारवयात असं रूप कुणाला मिळतं? नदीवर सूर्य पडला की लोक डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघायचे.

सुट्टीच्या दिवशी बाबा नेहमीसारखा बादली घेऊन आला. मुलीने पाइपने पाणी मारलं आणि क्षणात सगळा मळ ओघळून गेला. "संपलं काम," ती हसून म्हणाली. "आता तुमच्या हातांना आराम." बाबाने तळवा माझ्या नाकावर ठेवला. तळवा घसरला. पुन्हा ठेवला. मग हात मागे घेऊन म्हणाला, "बरं केलंस पोरी. छान झाली."

तिने हे सगळं मायेपोटी केलं होतं, म्हणून तर त्याला नको म्हणता आलं नाही. पुढच्या सुट्टीला तो आला आणि रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिला. त्यानंतर येईनासा झाला. घरी काय करतो, असं कुणी विचारलं की मुलगी सांगायची, "आराम करतात." प्रवासी म्हणायचे, नशीबवान आहे म्हातारा.

मी वाट बघायचे. पाइपच्या पाण्याने अंग स्वच्छ होत होतं, पण मला हात लावणारं कुणी राहिलं नाही.

एका वादळी संध्याकाळी धक्क्याला बांधलेला दोर सैल राहिला आणि माझी पाठ दगडावर आपटली. फळीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली. काचेचा लेप आसपास तसाच चमकत होता, त्या चमकेत ती कुणाला दिसणार? तिथून पाणी आत शिरू लागलं आणि माझं लाकूड ते पीत राहिलं. पुढे इंजिन थरथरू लागलं. मुलीने इंजिनाचा पाण्यातला पंखा बदलला, तेल बदललं, इंजिनवाल्याशी भांडून झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग एक दिवस भर नदीत फळी कचकन वाकली आणि इंजिन मागे कलंडलं. पाणी आत आलं. प्रवाशांनी जेवणाच्या डब्यांनी उपसलं, मुलीने वल्ह्याने मला काठाला आणलं. सगळे सुखरूप उतरले, एवढं तरी देवाने ठेवलं.

दुरुस्तीच्या आवारातल्या मिस्त्रीने हातोडीने फळीवर टकटक केली. आवाज बद्द आला. "आतून सगळं कुजलंय. दोन-तीन वर्षं तरी पाणी मुरत असणार."

"वरून तर नवीकोरी दिसते हो."

"दिसते ना. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं," तो म्हणाला आणि हातोडी ठेवून दिली. "ही आता पाण्यात जायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती बाबाला घेऊन आली. तो किती वाळला होता! भिंतीऐवजी तिच्या खांद्याला धरून चालत होता. माझ्या नाकाला त्याचा हात लागला आणि मला आतून भरून आलं. तो डावीकडून निघाला. तळवा घसरत होता, तरी त्याने घाई केली नाही. फळीच्या कोपऱ्यात बोटं थांबली, मागे आली, पुन्हा थांबली.

"इथं आहे," तो म्हणाला.

मुलीने वाकून बघितलं, नख फिरवलं. मग तिला हुंदका आवरेना. "बाबा, तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं."

"मी होतो की गं," तो म्हणाला. "घरीच होतो."

रागाने नाही हो. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं म्हणाला. म्हणूनच तिला ते फार लागलं असावं.

थंडी संपायच्या आत बाबा गेला.

मुलगी आता दुसऱ्याच्या होडीवर कामाला जाते. लेपाला ती कधी नावं ठेवत नाही, मीही ठेवत नाही. त्याने जे कबूल केलं होतं ते सगळं केलं. तुमची होडी असेल तर खुशाल लावा. फक्त घासायचं काम सुटलं म्हणून जवळ यायचं सोडू नका. आणि त्या कामावर कुणाचा जीव जगत असेल, तर त्याच्या हातची बादली काढून घेण्याआधी त्याला एकदा विचारा.

सुट्टीच्या दिवशी ती इथे येते. बाबाचीच बादली, नवा स्पंज. माझ्यावर धूळ ठरत नाही, आणि पाण्यात तर मला जायचंच नाही, तरी ती मला धुते. धुऊन झालं की डोळे मिटून नाकाच्या डाव्या बाजूपासून तळवा फिरवत निघते. आधी तिला काहीच कळायचं नाही. आज फळीच्या कोपऱ्यात तिचा हात आपोआप थांबला. तिने डोळे उघडले नाहीत.

"इथं आहे, बाबा," ती म्हणाली, आणि बराच वेळ हात तिथेच ठेवून उभी राहिली.