जितेंद्रच्या हाताची चव

“आज रस्सा नाही, आजाऱ्याचं पाणी भेटन आपल्याले,” प्रेमिलाताई माझ्या कानाशी पुटपुटल्या. ह्या माझ्या थोरल्या नणंद. सकाळपासून त्यांनी लसणाच्या मोजून चार पाकळ्या सोलल्या होत्या. भावाला मात्र पुरता सोलून ठेवला होता.

भाऊ म्हणजे माझा धाकटा दीर, जितेंद्र. होळीला त्यानं दारू सोडली. धंतोलीच्या डॉक्टरकडे त्याच्या चकरा चालल्या तेव्हा ह्या नातेवाइकांपैकी कोणाला वेळ नव्हता. आता माझ्या नातवाच्या जावळाचं जेवण म्हटल्यावर सारे उमरेडहून बसनं बेशाला आमच्या घरी हजर. मटणाला वेळ काढावा लागत नाही.

आमच्याकडे असं मटण पुरुष करतात, घरामागच्या मोकळ्या जागेत, विटांच्या चुलीवर. चूल पेटण्याआधी करणाऱ्याच्या हातात पव्वा द्यायचा. देवाचा नारळ विसरतील, पण हा मान नाही विसरत. आजवर तो मान जितेंद्रचाच. दोन घोट पोटात गेले की ह्याच्या हाताला चव येते, असं पंगतीत बोटं चाटून ह्याच लोकांनी त्याला सांगितलं आणि त्या भोळ्यानं ते खरं मानलं.

आज त्यानं कोऱ्या चहावर चूल पेटवली. मसाला परतला, चुलीवरच्या मोठ्या गंजात मटण शिजायला लागलं आणि ह्याचा धीर सुटला. मीठ बरोबर आहे का म्हणून मला चाखायला लावलं. मी बरोबर आहे म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा वाटी पुढे. तेच विचारणं, तेच सांगणं.

“वहिनी, तुमी माह्यं मन राखून राहिल्या,” तो म्हणाला. शाळेत नापास झाल्यावर असाच उभा राहत असेल.

तेवढ्यात धर्मेंद्रराव आले. प्रेमिलाताईंचे यजमान, घरचे जावई. म्हणजे त्यांच्या तोंडाला झाकण नाही आणि ते लावायची कोणाची हिंमतही नाही. हातात स्टीलचा ग्लास. वास दुरूनच आला. आमचे हे ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना शहाणपण शिकवतात. ग्लास पाहताच त्यांना सरपण ओलं आहे की काय ते तपासायचं सुचलं.

“घे गा जित्या,” जावई म्हणाले. “हात पाह्य कसा थरथरून राहिला. एका घोटानं काही होत नाही. पंगतीत आमची लाज काढतं का?”

जितेंद्रनं ग्लास घेतला. एवढ्या महिन्यांची त्याची तडफड ह्या माणसाला एका घोटात बुडवायची होती, तीही पाहुणचार म्हणून.

वंदना, जितेंद्रची बायको, पत्रावळी ठेवून चुलीपाशी आली. ग्लासाकडे तिनं पाहिलंच नाही. गंजातला रस्सा वाटीत घेतला, फुंकर घालून प्याली आणि वाटी बोटानं निपटून घेतली. जितेंद्र ते पाहत राहिला. मग त्यानं ग्लास विटेवर ठेवला, दूर सरकवला.

“मी पिऊन कराचो, तवा कसं लागे वं?” त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक की चुलीतलं लाकूड त्याहून मोठ्यानं तडतडलं. “खरं सांग.”

प्रेमिलाताईंना अचानक लसूण आठवला. जावई घसा खाकरून काही बोलणार होते, पण वंदनानं त्यांच्याकडे असं पाहिलं की खाकरणं घशातच राहिलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

“खारट. तुमी मीठ दोनदा टाकत होते. कोणी नाव ठेवलं तर ताटं फेकत होते, म्हणून हे सारे बोटं चाटत होते. चव कवाच नव्हती, आमी भेत होतो तुमाले.” तिनं वाटी त्याच्यापुढे धरली. “आजचं मले अजून पाहिजे.”