लटारूचा खांदा

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच आठवड्यात दिवाळी आली. राज्य बदललं तरी पळसटोल्याची मंडईची जत्रा काही बदलली नाही. भाऊबीज उलटली की तिसऱ्या दिवशी दुकानं लागायची आणि दुपारी शाळेमागच्या मैदानावर कबड्डी. यंदा सामना वडशाच्या टीमशी होता, आणि पळसटोल्यानं तो हातचा गेलेला सामना खेचून आणला. अर्ध्या वेळेला नऊ गुणांनी मागे होते. शेवटी दोन गुणांनी जिंकले.

जिंकल्याचा गुलाल अंगावरून झडलाही नव्हता, तोवर चिंचेखालच्या हाटेलात वाद पेटला. वाद एकाच माणसावरून होता. लटारूवरून.

लटारूची बायको मनकर्णा तिथंच, चिंचेच्या बुंध्यापलीकडे कासारापाशी बसून बांगड्या भरून घेत होती. शेजारी तिची वहिनी कमळा. मनकर्णाचं माहेर आणि सासर दोन्ही पळसटोल्यातच, मध्ये फक्त एक बोडी, छोटंसं तळं. तिचा भाऊ देवाजी टीमचा कप्तान आणि नवरा लटारू टीमचा पहिला चढाईवाला. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी होता. तेव्हा लोक म्हणायचे, साळा पकडते आणि जवाई मारते, मग बाकीचे पाच गडी कायले पाहिजेत?

"तीनदा गेला आणि तीनदा धरला गेला," लच्छू शिंपी बोटं नाचवत म्हणाला. "तिसऱ्या वेळी तं रेषेपासून हातभर होता गा. हात लांब केला असता तरी वाचला असता. केलाच नाई!"

"त्याले बसवला म्हणून जितलो," दुसरा कोणीतरी म्हणाला. "वारलू उतरला आणि खेळ फिरला."

म्हातारा इसरूभाऊ एके काळी स्वतः खेळलेला. त्यानं बशीतला चहा फुंकून प्यायला आणि म्हणाला, "आरमोरीले त्यानं एका दमात चार गडी मारले, ते इसरले का तुमी? खेळाडूचे दिवस वरखाली होतात. पोटाले चिमटा काढून तालीम केली हाये त्यानं."

"दिवस होय, पण दोन वर्सं? भाऊ, पौषात चांद्याले सामन्यायले जाचं हाये. तिथी का जुन्या गोष्टी सांगून गुण भेटतात?"

मनकर्णाच्या हातात कासारानं अर्ध्या बांगड्या चढवल्या होत्या. तिनं हात तसाच ठेवला. तिला राग आला नाही. लोक खेळाचं बोलणारच. ती वाट पाहत होती ती देवाजीच्या बोलण्याची. देवाजी त्या घोळक्याच्या मधोमध बाकावर बसला होता, गळ्यात झेंडूचा हार, आणि अजून एक शब्द बोलला नव्हता.

देवाजीला सगळं ठाऊक होतं. मनकर्णाला ठाऊक होतं, कमळाला ठाऊक होतं. गावात आणखी कोणाला नव्हतं.

दोन वर्षांमागच्या श्रावणात देवाजीला घराला पुढची पडवी काढायची होती आणि सागाचं लाकूड हवं होतं. सरकारी जंगलात दोघं साळे-जवाई पहाटे गेले. झाड पाडलं, ओंडका उतारावरून आणताना सुटला आणि देवाजीच्या मांडीवर आला. लटारूनं खाली खांदा घातला आणि एकट्यानं तो ओंडका उचलला. देवाजी निसटला. लटारूच्या खांद्यातून मात्र कडकन आवाज आला. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायला मनकर्णा निघाली, तेव्हा देवाजीनं तिचे पाय धरले होते. सख्ख्या मोठ्या भावानं. "दवाखान्यात इचारतील, मने. जंगलच्या नाकेदाराच्या कानावर जाईल. मले जेल होईल." मग वाटेनं जाणाऱ्या एका फिरत्या वैदूनं हात ओढून बसवला, तो वाकडाच बसला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. जात नव्हता म्हणूनच तो लांब होत नव्हता.

"देवाजी, तू काऊन गप्प हायेस?" इसरूभाऊनं विचारलं. "तू कप्तान. घरचा माणूस. त्याच्या हाताले काई झालं हाये का? मले तं तो हात बराबर नाई वाटत."

मनकर्णानं मान वर केली. आता बोलेल, असं तिला वाटलं. सगळं नाही, थोडं तरी बोलेल. लागलं होतं म्हणेल, पडला होता म्हणेल. तेवढंही पुष्कळ झालं असतं.

घोळक्याच्या कडेला खुर्चीवर नाकेदार बसला होता. जंगलखात्याचा पट्टा काढून मांडीवर ठेवून तो भजे खात होता. तो हसून म्हणाला, "हां देवाजी, हाताले काय झालं? झाडावरून पडला का जवाई तुमचा?"

त्यानं सहज विचारलं होतं. पण देवाजीचा चेहरा उतरला आणि मनकर्णानं तो उतरताना पाहिला.

"हाताले?" देवाजी म्हणाला. "हाताले काई नाई झालं जी. धडधाकट हाये हात." मग त्यानं गळ्यातला हार सारखा केला. "आता घरची गोष्ट हाये, चारचौघांत बोलू नये. पण तुमी इचारता तं सांगतो. पेते तो. मोहाची. सामन्याच्या दिवशीसुद्धा सोडत नाई. दम कुठून राहील?"

घोळका एकदम हलला, जणू सगळ्यांना हवं ते सापडलं.

"तरीच!"

"बापाचं रक्त. बापानं पेऊन पेऊन दोन बैल इकले होते, आठवते नं?"

"मी म्हणतच होतो," लच्छू म्हणाला, जरी तो तसं काही म्हणत नव्हता.

लटारूनं आयुष्यात दारूला बोट लावलं नव्हतं. बापाला उचलून आणता आणता त्याचं लहानपण गेलं होतं; वासानंसुद्धा त्याला मळमळायचं. आणि देवाजीला हे मनकर्णाच्याही आधीपासून माहीत होतं, कारण ते दोघं शाळेपासूनचे सोबती.

कमळानं मनकर्णाचा पदर गच्च धरला. "बाई, आता नोको. नाकेदार हाये."

मनकर्णानं पदर सोडवला. उरलेल्या बांगड्या कासाराच्या मांडीवर तशाच राहिल्या. तीन दिवसांपूर्वी तिनं याच भावाच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, त्याला उदंड आयुष्य मागितलं होतं. ती पुरुषांच्या घोळक्यात शिरली. बाईमाणूस आत आलं म्हणून लोक बाजूला झाले.

"दादा," ती म्हणाली, "माह्या डोळ्यात पाहून सांग. पेते तो?"

देवाजी हाराच्या फुलांकडे पाहत राहिला.

"हात कसा गेला, ते सांग. तू सांगतेस का मी सांगू?"

नाकेदाराचा भज्याचा हात थांबला. इसरूभाऊ पुढे सरकला. देवाजीच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्या क्षणी मनकर्णाला वाटलं की आपण बोलणार. जे व्हायचं ते होवो.

"मनकर्णा."

मागून लटारूचा आवाज आला. विहिरीवर हातपाय धुऊन तो केव्हा येऊन उभा राहिला होता, कोण जाणे. त्यानं सगळं ऐकलं होतं. ओले केस, डाव्या हातात सदरा.

"खरं हाये ते," लटारू म्हणाला. तो लोकांकडे पाहत होता, तिच्याकडे नाही. "पेतो मी. आजबी पेलो होतो. देवाजीनं बसवलं ते बराबर केलं."

इसरूभाऊनं बशी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. नाकेदारानं पुढचं भजं उचललं.

मनकर्णाला तिथं उभं कसं राहावं तेच कळेना. भाऊ एक खोटं बोलला होता, ते ती फोडणार होती. आता नवऱ्यानं तिलाच खोटी पाडली. साऱ्या गावासमोर ती नवऱ्याची लाज झाकायला आलेली बाई झाली होती.

बोडीच्या पाळीवरून घरी जाताना ती पुढे चालली होती आणि लटारू मागे. अर्ध्या वाटेत ती थांबली.

"काऊन?"

"नाकेदार बसला होता. लाकूड दोघायनं आणलं होतं, मनकर्णा. केस झाली असती तं मीबी अडकलो असतो."

"जेल झाली असती तं मी चांद्याले डबा घेऊन आली असती. पायी आली असती. लोकायले सांगतली असती, भावाचा जीव वाचवाले गेला म्हणून जेलात हाये माहा नवरा." ती त्याच्याकडे वळली. "आता काय सांगू? तुमी दारुडे होऊन आले, आणि मले खोटारडी करून आले."

"देवाजीले शब्द देल्ला होता मी."

"आणि मले?"

लटारूनं डावा हात तिच्या खांद्यावर ठेवायला उचलला. ती बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी आला. ओसरीत उभा राहिला. मनकर्णानं त्याला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही.

"मने, घाबरलो गा मी," तो म्हणाला. "तोंडातून निघून गेलं. नाकेदाराची बदली झाली का मी सोता सांगतो सगळ्यायले. आईची आन."

तिनं त्या शपथेवरही विश्वास ठेवला. ठेवायला दुसरं काही नव्हतंच.

पौषात टीम चांद्याला गेली, लटारूशिवाय. दुसऱ्या फेरीत हरून आली. तोवर गावात लटारूची दारू पक्की झाली होती. कोणी त्याला गाडी हाकायला देत नसे. पोरंटोरं त्याच्यामागून झोकांड्या देत चालत, आणि तो तसाच पुढे जाई.

होळीनंतर नाकेदाराची बदली झाली. सिरोंच्याकडे गेला म्हणतात. मनकर्णानं दिवस मोजले नाहीत, पण वाट पाहिली. आठवडा गेला, महिना गेला. देवाजी वाटेत भेटला की धानाचं बोलायचा, पोरांचं बोलायचा. एकदा तिनं नुसतं "दादा?" म्हटलं. तो म्हणाला, "आता लोक इसरले, मने. कायले उकरतेस?"

चैत्र सरता सरता मोहफुलं वेचताना जंगलकडेला इसरूभाऊ भेटला. गावात लटारूची बाजू घेणारा तोच एक होता, म्हणून तिनं टोपली खाली ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. ओंडका, खांदा, वैदू, भावानं धरलेले पाय. म्हाताऱ्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

ऐकून झाल्यावर त्यानं काठीनं पाचोळा हलवला.

"बाई," तो मायेनंच म्हणाला, "तू चांगली हायेस. नवऱ्यासाठी बोलतेस, बोलाच पाह्यजे. पण त्यानं तं सोताच्या तोंडानं कबूल केलं होतं नं, सगळ्यायच्या समोर. मी तिथीच होतो."

मनकर्णा खाली बसली आणि फुलं वेचू लागली.