सायकलीचा जीव कुठे असतो

संजीवनीला वस्तूंच्या पोटात डोकावायची खोड लहानपणापासूनची. मिक्सर बिघडला की तिचा नवरा संतोष दुकानाचा नंबर शोधायचा आणि ही स्क्रू-ड्रायव्हर. त्यामुळे उल्हासनगरच्या जुन्या सायकलींच्या ढिगात मागच्या चाकाच्या मधल्या जाड हबातच तीन गिअर लपवलेली परदेशी सायकल दिसली, तेव्हा बाई तिथून हलायला तयार होईना.

घेतलीच शेवटी. बाहेर दातेरी चकत्यांचा डोलारा नाही, आत चिखल जात नाही, सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलतो. बदलापूर गावातून अंबरनाथच्या कारखान्यात जाताना उड्डाणपुलाच्या चढाला खालचा गिअर टाकला की तिचा दुखरा गुडघाही गप्प बसायचा. वजनाला मात्र धोंडा. आणि पंक्चर झालं की मागचं चाक उतरवणं म्हणजे बाळंतपणच. नाक्यावरचा पंक्चरवाला तिला येताना पाहून नजर चुकवायचा. पण कुणाच्या स्कूटरमागे त्याच्या वेळेने बसावं लागत नव्हतं, आणि तिला त्याचंच सुख मोठं होतं.

सासरे हिंदुराव या सायकलीवर पहिल्यापासून नाराज. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचे, उघडल्यावर कळेल. तरी एकदा त्यांनी विचारलंच, याचा जीव कुठं हाय. संजीवनीने मोठ्या हौसेने आसातून बाहेर येणारी बोटभर साखळी दाखवली. वायर हिला ओढते आणि आतला गिअर बदलतो, सगळा जीव हिच्यात.

दसऱ्याला कोयते, पंप आणि सायकल यांची पूजा झाली, झेंडूच्या माळा पडल्या. सुट्टी संपली आणि पुलाच्या चढावर तिने खालचा गिअर टाकला, तर पायडल रिकामंच फिरलं. मागून ट्रक येत होता. ती कशीबशी कडेला झाली.

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या दुकानदाराने चाक फिरवून पाहिलं आणि मान हलवली. "अंदर का काम है मॅडम, पार्ट नहीं मिलेगा. सादा चाक डाल दो."

साध्या चाकाने तो चढ तिच्या गुडघ्याला झेपणार नव्हता. संतोष म्हणाला, रविवारी भंगारात देऊ, तू माझ्या मागे बसत जा. तो प्रेमानेच म्हणाला, पण संजीवनीला रडू आलं.

शनिवारी दुपारी तिने अंगणात सायकल उलटी केली. वरच्या गिअरवर ठीक चालते, म्हणजे आतले दाते शाबूत आहेत. मग खालच्या गिअरलाच काय होतं? तिने हँडलवरचा खटका दाबला. छोटी साखळी जराशी सरकली आणि अडली. तिने फडक्याने ग्रीस पुसलं. खाली काळा दोरा होता, साखळीला आणि शेजारच्या दांडीला मिळून घट्ट गुंडाळलेला. अगदी तसाच दोरा दसऱ्याच्या पूजेत पंपालाही बांधलेला होता.

ओट्यावर हिंदुराव कुंपणाकडे बघत बसले होते, जसं काही कुंपण आजच उगवलं होतं.

"बाबा, हा तुम्ही बांधलात?"

त्यांनी नजर कुंपणावरून काढली. मग म्हणाले, "तूच बोललीस ना, जीव तिथं हाय. त्या रस्त्याला ट्रक किती. म्हनून तिथंच बांधला."

संजीवनीला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले. इतके दिवस सायकलीला नावं ठेवणारा हा माणूस तिच्यासाठी घाबरत होता. आणि जीव कुठे आहे ते तिने हौसेने सांगितलं होतं, पण तो हलता राहायला हवा हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

तिने गाठ सोडवली, दोरा तोडला नाही. खटका दाबला, साखळी सरकन ओढली गेली आणि पायडल फिरवताच मागचं चाक फिरू लागलं. हिंदुराव उठून जवळ आले होते. चाकाकडे बघत होते, पण त्यांचा जीव त्या दोऱ्यात अडकला होता.

"आता तो फेकनार?" त्यांनी विचारलं.

संजीवनीने दोरा पदराला पुसला आणि मनगट त्यांच्यापुढे धरलं.

"सायकलीचा जीव मोकळा राहू दे, बाबा. माझा इथे बांधा."

हिंदुरावांनी दोरा बांधला. गाठ मारण्याआधी एक बोट आत घालून पाहिलं, हात हलायला जागा आहे ना म्हणून.