गवत उंच असतं तेव्हा

पावसाळ्यात त्या जंगलातलं गवत माणसाच्या छातीला लागतं.

काचेचे डोळे जोडीनं येतात. डावा उजव्याच्या जागी चालत नाही.

किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला असेल, तर पाण्यात घोट्यापर्यंतच जायचं.

डॉक्टरांनी टिपकागदाच्या मधोमध शाईपेन टेकवलं आणि शाई पसरू दिली. म्हणाले, हे असं.

"ऑफ सीझन म्हणजे काय काकू, हॉटेल असतं, तुम्ही असता आणि पाऊस असतो."

हे शेवटचं वाक्य सहलींच्या ऑफिसातल्या मुलीचं. तिच्या खुर्चीमागे भिंतभर निळा समुद्र चिकटवलेला होता आणि ओल धरून त्याचा एक कोपरा सुटला होता. टेबलाच्या अलीकडे नवरा-बायको बसले होते. नवरा दाराकडे तोंड करून होता. मुलीला वाटलं, यांना निघायची घाई आहे. प्रत्यक्षात तो समुद्र बघत होता. त्याच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि फक्त कडेनं दिसायचं. एखादी गोष्ट बघायची तर त्याला तिच्या शेजारी बघावं लागे.

संग्रहालयात त्याला पेंढाकाका म्हणत. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात पेंढा भरून त्यांना पुन्हा उभं करायचं, हे त्याचं काम. पेंढा केव्हाच मागे पडला, आत तार आणि फोम आला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बिबटे, हरणं, रानडुकरं, सगळी त्याच्या हातून गेली होती. रानातलं मोकळं जनावर मात्र त्याने एकही पाहिलं नव्हतं. प्राणिसंग्रहालयातली तो धरत नसे. ती आपल्यासारखीच नोकरीत आहेत, म्हणायचा.

डॉक्टर म्हणाले होते, पाऊस सरेपर्यंत काय बघायचं ते बघून घ्या. आणि जंगल पूर्ण उघडतं ते पाऊस सरल्यावर. या दोन गोष्टी काही केल्या जुळत नव्हत्या, म्हणून बायको या ऑफिसात आली होती.

मुलीने समजावून पाहिलं. आतलं फाटक बंद असतं, बाहेरचा एकच रस्ता चालू असतो, तोही जास्त पाऊस झाला की नाही. तिकडून समुद्रावर जायचं तर बोटी बंद. हिवाळ्यात या, सगळं एकदम छान करून देते.

"बाहेरच्या रस्त्याला जनावरं नसतात का?" बायकोने विचारलं.

"असतात काकू. दिसत नाहीत."

"असतात ना. मग झालं."

तेव्हा नवरा पहिल्यांदा बोलला. खोली पाणवठ्यासमोरची हवी, म्हणाला. फिरायला नाही जमलं तरी खिडकीत बसून राहू. जनावर पाण्यावर येतंच.

मुलीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "काका, पावसात पाणवठ्यावर कोण येईल? पाणी सगळीकडेच असतं. उन्हाळ्यात येतात बिचारी, दुसरीकडे काही उरत नाही तेव्हा."

नवऱ्याने दाराकडची मान वळवून टेबलाकडे केली. म्हणजे आता त्याला मुलगी दिसत नव्हती.

संग्रहालयात शिरल्या शिरल्या समोर मोठं काचेचं दालन आहे. आरशाचा तुकडा टाकून केलेलं तळं, तळ्यावर पाच-सहा हरणं, एक डुक्कर, मागे दबा धरलेला बिबट्या. आणि भोवती हिरवंगार, दाट, उंच गवत. लोकांना हिरवं आवडतं म्हणून त्याने एकेक पातं स्वतः रंगवलं होतं. शाळांच्या सहली तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबत.

बसथांब्यावर दोघं एका छत्रीत उभी राहिली. बरंच पाणी छत्रीवरून गेल्यावर तो म्हणाला, "ते गवत चुकलं माझं. वाळलेलं हवं होतं."

"कुणाला कळलंय?"

"त्यांना कळलं असतं."

"कुणाला?"

"हरणांना."

बायको हसली. मग तिने छत्री त्याच्या बाजूला जास्त कलती केली.

लेकीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. पावसात, त्या वयात, तिकडे दवाखाना तरी आहे का, असं सगळं ती बोलली आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटी म्हणाली, मी मोठा टीव्ही पाठवते, बाबांना जवळ बसवून जनावरं दाखव.

"जवळ बसवलं की तेवढंही दिसत नाही त्यांना."

"बरं, जंगलाचं समजलं. समुद्र कशाला मध्ये?"

"मला पाय बुडवायचेत," आई म्हणाली.

ते खरं नव्हतं. पाय बुडवायची हौस लग्नानंतर एकदा होती, ती कधीच विरून गेली. पण नुसतं जंगल म्हटलं, की ते शेवटचं बघणं ठरत होतं. पुढे समुद्र जोडला की सहल होत होती. समुद्र गळाला असता तर नवऱ्याने पिशवी भरायला घेतलीच नसती. तो तसाच होता, स्वतःसाठी म्हणून काही मागायचं झालं की गप्प बसायचा.

मग घरात तालीम सुरू झाली. तो खिडकीशी खुर्चीत बसे, ती तपकिरी साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारातून हळूच चालत जाई.

"दिसलं का?"

"दिसलं. हरीण जरा जाड आहे."

"जाड असू दे. कुठे गेलं?"

"चहा टाकायला."

पहिले काही दिवस अशी मजा चालली. तिने अंतर वाढवलं. अंगणाच्या टोकाला कडुनिंबाखाली उभी राहू लागली, आणि तो खुर्चीतून मान इकडेतिकडे वळवत तिला डोळ्याच्या कडेत आणू लागला. "हं, आहे," म्हणायचा. मग "आहे वाटतं," म्हणायला लागला. एका संध्याकाळी ती झाडाखाली उभी राहिली आणि तो काहीच बोलला नाही. ती हलली नाही. हललं तर दिसेल, हे तिला माहीत होतं. पण बिबट्या काही त्यांच्यासाठी हलणार नाही, हेही तिला माहीत होतं. त्याने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, परत डावीकडे. आत दूध उतू गेलं, करपल्याचा वास अंगणापर्यंत आला, तरी ती उभीच होती.

"अगं, कुठे आहेस?" शेवटी त्याने विचारलं.

"इथेच. आत होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच ऑफिसात गेली आणि लवकरातली लवकर जी तारीख मिळेल ती मागितली. मुलगी म्हणाली, पाऊस अगदी भरात असेल तेव्हा. बायको म्हणाली, असू दे.

जंगलातला गाडीवाला बोलका होता. पाहुणे नसल्यामुळे आवाज साठला होता त्याचा. पहिल्या फेरीत गाडी चिखलात रुतली. दुसऱ्या फेरीत एक मोर आणि बरंच गवत. तिसऱ्या फेरीत वळणावर त्याने एकदम गाडी थांबवली आणि कुजबुजला, "डावीकडे. झाडाखाली. बिबट्या."

नवऱ्याने तोंड उजवीकडे वळवलं.

"साहेब, तिकडे नाही, इकडे. इकडे बघा."

"बघू द्या त्यांना," बायको म्हणाली. "ते बघतायत."

तिला आधी नुसतं गवत दिसलं. मग एक कान. मग ओली पाठ, पावसाने काळपट झालेली, आणि त्या पाठीखाली श्वास वरखाली होत होता. एवढ्या वर्षांत तिने शेकडो कातडी शिवायला मदत केली होती. श्वास त्यातल्या एकातही नव्हता. गवत मिटलं. गाडीवाल्याने समाधानाने श्वास सोडला.

नवरा उजवीकडेच बघत राहिला. मग त्याने विचारलं, "ओला होता का गं तो?"

तेव्हा तिला कळलं.

"ओला होता," ती म्हणाली.

"केस चिकटले होते अंगाला?"

"चिकटले होते. फासळ्या दिसत होत्या. तुमच्यापेक्षा बारीक होता."

"मी आपला कायम कोरडाच केला," तो म्हणाला. गाडी सुरू झाली.

समुद्रावर लाल बावटा होता. किनाऱ्यावर खुर्च्या एकीवर एक रचून दोरीने बांधल्या होत्या. चपला हातात घेऊन दोघं घोट्यापर्यंत पाण्यात गेली. लाट आली की वाळू पायाखालून सरकायची आणि तो तिचा दंड घट्ट धरायचा.

"गार आहे," तो म्हणाला.

"गार आहे," ती म्हणाली, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समुद्राकडे अगदी सरळ बघत होता.

संग्रहालयासाठी त्याने केलेल्या शेवटच्या हरणाचे डोळे, सहलीच्या ऑफिसात जायच्या आदल्या महिन्यात, बायकोने बसवले होते. डावा किंचित खाली आहे.